ढलपीवरचा फुगवटा

जर्मनीत शिकणारा माझा भाचा दिवाळीला आला तो खिशात दगड घेऊन. ऑनलाइन लिलावात घेतलेला. सोबत छापील प्रमाणपत्र: ‘निएंडरथल मानवाचे हत्यार, फ्रान्स, ६०,००० वर्षे’. निएंडरथल म्हणजे आपल्याहून वेगळा, आता नामशेष झालेला मानव. “मामा, खरं आहे का हे?”

दगड माणसानेच घडवलेला होता, यात मला शंका नाही. प्रमाणपत्रावर मात्र माझा विश्वास नाही. असं का, ते सांगतो.

चकमकीची ती करडी ढलपी तळहातावर घेतली की अंगठा आपसूक एका गुळगुळीत फुगवट्यावर टेकतो. सगळी गंमत त्या फुगवट्यात आहे. खिडकीच्या काचेला छऱ्याच्या बंदुकीतला छर्रा लागला तर पुढून बारीक भोक दिसतं, मागून रुंद. म्हणजे तडा शंकूसारखा पसरत जातो. चकमक तशीच फुटते. ती असते क्वार्ट्झच, पण तिचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक आणि कसेही विखुरलेले. पाटीचा दगड थरांवर फुटतो, अभ्रकाचे पापुद्रे निघतात. चकमकीत तड्याला वळवणारा थरच नसतो. काठाजवळ, ९० अंशांहून कमी कोन असेल तिथे घाव घातला की शंकूचा थोडाच भाग दगडात उतरतो, मग तडा पृष्ठभागालगत धावतो आणि ढलपी सुटते. तिच्या आतल्या बाजूला राहिलेला शंकूचा अंश म्हणजे हा फुगवटा. त्याच्यापुढे पाण्यात खडा टाकल्यासारख्या लहरी उमटतात. त्यांच्यावरून बोट उलटं फिरवत नेलं की घाव नेमका कुठे बसला ती जागा सापडते.

गारठ्याने फुटलेल्या चकमकीतही वलयं असतात, पण ती तुकड्याच्या मधोमध असलेल्या बिंदूभोवती. काठावर घावाची खूण नसते. अर्थात, कड्यावरून पडलेला दगडही एखादा फुगवटा देऊन जातो, म्हणून ढलपी उलटून पाठ बघायची. भाच्याच्या ढलपीच्या पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे पाच खळगे होते, चहूबाजूंनी मध्याकडे आलेले. हे लेव्हाल्वा तंत्र. पॅरिसला लागून असलेल्या उपनगराचं नाव त्याला मिळालं आहे. कारागीर आधी गाभ्याच्या, म्हणजे ज्या दगडातून ढलपी काढायची त्याच्या, काठाने छिलके काढून वरची बाजू कासवाच्या पाठीसारखी फुगीर करतो. मग एका टोकाला बारीक ठोके देऊन घावाची जागा तयार करतो. शेवटी एकच घाव, आणि ती पाठ अख्खी सुटून येते. तडा त्या फुगीरपणाच्या कलाने धावतो, त्यामुळे हत्याराचा आकार ते सुटण्याआधीच ठरलेला असतो. दगडात अजून नसलेली वस्तू डोळ्यांपुढे आणणारा मेंदू यामागे आहे. हे मला कितीदाही पाहिलं तरी थक्क करतं.

पण तो मेंदू कोणाचा? इस्राएलमधल्या केबारा गुहेत लेव्हाल्वा हत्यारांसोबत निएंडरथलचा सांगाडा मिळाला. काफझेह गुहेत त्याच तंत्राच्या हत्यारांसोबत आपल्यासारख्या आधुनिक मानवांचे (होमो सेपियन्स). तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला हे तंत्र सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वीच्या थरात सापडलं, आणि भारतात निएंडरथलचं एकही हाड मिळालेलं नाही. आपल्या नेवाशाला प्रवरेकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी मध्य पुराश्मयुगातली (जुन्या दगडी युगाच्या मधल्या टप्प्यातली) छिलक्यांची हत्यारं शोधली. तीही कोणी घडवली हे दगड सांगत नाही.

फ्रान्समधला ६०,००० वर्षांचा थर असेल तर निएंडरथल म्हणणं रास्त आहे. पण ते ६०,००० आलं कुठून? चकमक कोट्यवधी वर्षांची, तिच्यावर कार्बन पद्धत चालत नाही. प्राचीन शेकोटीत भाजली गेली असेल तर त्यानंतर तिच्यात साठलेली किरणोत्साराची ऊर्जा मोजून वय काढता येतं. फ्रान्समधल्या ल मुस्तिए या निएंडरथल स्थळाच्या थरांची वयं १९८६ साली अशीच निघाली. पण त्यासाठी भोवतालच्या मातीतला किरणोत्सारही मोजावा लागतो. माती नाही तर वय नाही.

विजेसोबत आकाशातून पडलेले दगड समजून युरोपात लोक अशी हत्यारं घरात जपत, म्हणजे घरावर वीज पडत नाही. आज तीच हत्यारं ‘आदिम ऊर्जा’ म्हणून विकली जातात. दोन्ही समजुतींना कसलाही आधार नाही.

गोळा करणाऱ्यांवर माझा राग नाही. हेगजवळच्या झांडमोटर किनाऱ्यावर, उत्तर समुद्रातून उपसलेल्या वाळूत २०१६ साली मिळालेल्या एका साध्या छिलक्याला बर्च झाडाचं डांबर चिकटलेलं होतं. तो संशोधकांकडे पोचला. डांबरात कार्बन असतो, त्यामुळे वय निघालं: सुमारे ५०,००० वर्षं. कोणी हौसेने घासून चकचकीत केला असता तर डांबर गेलं असतं आणि त्याबरोबर वयही.

भाच्याने त्याच रात्री विक्रेत्याला विचारलं: गाव कोणतं, शेत कोणतं, किती खोल? उत्तर दोनच शब्दांचं आलं, ‘जुना संग्रह’.