एससीपी-१७३ चा फोटो का काढला: पार्श्वभूमी

एससीपी ही इंटरनेटवर अनेकांनी मिळून रचलेली भयकथांची काल्पनिक दुनिया, आणि एससीपी-१७३ ही तिची सुरुवात करणारी कथा. फेब्रुवारी २०२२ मध्ये एससीपी-१७३ च्या मूळ लेखातून त्याचा प्रसिद्ध फोटो काढला गेला. त्या जागी दुसरं चित्र लावलं नाही. आज तिथे नुसता मजकूर आहे. जुन्या वाचकांपैकी अनेकांना हे अजून पटलेलं नाही, आणि नव्यांना तिथे कधीकाळी फोटो होता हेच माहीत नसतं.

सुरुवात २००७ ची. फोरचॅन या निनावी चर्चा-फलकाच्या गूढ-अतींद्रिय विषयांच्या विभागात कुणीतरी निनावी टिपण टाकलं. त्यात नायक नव्हता, कथानकही नव्हतं. होती ती फक्त दफ्तरी भाषा: वस्तू क्रमांक, वर्ग, बंदोबस्ताची पद्धत, वर्णन. काँक्रीट आणि सळ्यांची एक मूर्ती, अंगावर स्प्रे पेंटच्या खुणा. कुणी बघत असेल तोवर ती हलत नाही. पापणी लवली की ती बघणाऱ्याची मान मोडते. म्हणून तिच्या खोलीत जाताना तिघांनी जायचं, आणि डोळे मिटण्याआधी सोबतच्यांना तसं सांगायचं. आत कुणीही नसताना दगड घासल्यासारखा आवाज येतो, अशी कर्मचाऱ्यांची नोंद आहे. आणि फरशीवर साचणारी विष्ठा-रक्ताची घाण ठरावीक दिवसांनी साफ करायची आहे. हे शेवटचं वाक्य मला आजही सगळ्यात जास्त घाबरवतं. कारण त्यात भीतीचा शब्दही नाही, नुसती साफसफाईची सूचना आहे.

या टिपणासोबत जो फोटो होता, तो लेखकाचा नव्हता. एका जपानी कलावंताच्या २००४ च्या शीर्षकहीन शिल्पाचा तो फोटो, आणि तो काढणारा छायाचित्रकार आणखी वेगळा. शिल्पाचा भयकथेशी काडीचाही संबंध नव्हता. मोठ्या डोक्याची, चेहऱ्यावर रंग असलेली ती आकृती इंटरनेटवरून उचलली आणि तिला मान मोडणारी मूर्ती करून टाकलं. निनावी फलकावर तेव्हा असं विचारायची पद्धतच नव्हती.

गुंता झाला तो २००८ नंतर. अशी टिपणं वाढत गेली, त्यांच्यासाठी विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाइट, उभी राहिली आणि सगळा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आला. अट सोपी: श्रेय द्या, आणि त्यातून जे बनवाल तेही याच अटींवर खुलं ठेवा. या परवान्यात पैसे कमवायला मनाई नाही. एससीपीवर इतके गेम, व्हिडिओ आणि लघुपट निघाले ते यामुळेच. हा परवाना नसता तर ही दुनिया कधीच आटली असती, असं माझं ठाम मत आहे.

पण मजकूर खुला झाला म्हणून फोटो खुला होत नाही. जे आपलं नाही ते आपण वाटू शकत नाही. शिल्पकाराला हा प्रकार कळला तेव्हा त्याने फारशा खुशीने नव्हे, पण वापर चालू द्यायला मान्यता दिली. मात्र त्यातून कुणी कमाई करायची नाही, असं बजावलं. म्हणजे एकाच पानावर दोन कायदे. शब्द विकता येतात, चित्र विकता येत नाही. २०१२ मध्ये या मूर्तीवर बेतलेला गेम आला. तो फुकट होता आणि त्यात पापणी लवण्यासाठी वेगळं बटण होतं. त्या गेमने ही आकृती लाखो मुलांच्या डोक्यात बसवली. पुढे त्या चेहऱ्याच्या वस्तू विकणाऱ्यांना ही दुसरी अट सांगणार कोण?

शेवटी, पुढे ओळख पटलेल्या मूळ लेखकाने स्वतःच फोटो काढायचा निर्णय घेतला. विरोध करणारे म्हणतात, भीती त्या चेहऱ्यातच होती आणि इतिहास असा पुसायचा नसतो. पहिला मुद्दा मी समजू शकतो. पण ज्याच्या कलाकृतीला जगभर खुनी राक्षस म्हणून ओळखलं जातं, त्याने पंधरा वर्षं सोसलं हेच खूप झालं. शिवाय चित्र गेल्यावर चाहत्यांनी आपापल्या कल्पनेच्या मूर्ती काढल्या, आणि त्यातल्या काही मूळ चेहऱ्यापेक्षा जास्त भीतीदायक आहेत. मजकूर तर जागचा हललेला नाही.

याच काळातल्या इंटरनेटवरच्या इतर भयकथांची वाट वेगळी होती. स्लेंडर मॅन हे चेहरा नसलेल्या उंच माणसाचं पात्र जून २००९ मध्ये फोटो-स्पर्धेच्या एका धाग्यातून आला. त्याचा निर्माता ठाऊक होता, त्यामुळे त्याच्या हक्काचा प्रश्न सतत आडवा येत राहिला. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्याच्या नावाने मैत्रिणीवर चाकूहल्ला केला. ती वाचली, पण त्या पात्राभोवतीचं वातावरण कायमचं बदललं. २०१९ चे बॅकरूम्स, म्हणजे न संपणाऱ्या रिकाम्या खोल्यांची भयकल्पना, मात्र पुन्हा निनावी फोटोवर उभे राहिले: पिवळ्या भिंती, ओलसर गालिचा, ट्यूबलाइट. जानेवारी २०२२ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलाच्या व्हिडिओने ते घराघरांत पोहोचवले. तो फोटो विस्कॉन्सिनमधल्याच ऑशकॉशच्या एका दुकानाचा, २००२ चा, हे २०२४ मध्ये शोधून काढलं गेलं.

व्हिडिओवर कथा वाचून दाखवणाऱ्यांचा प्रश्नही हक्कांचाच. रेडिट या चर्चा-संकेतस्थळावरच्या नोस्लीप या भयकथांच्या विभागातल्या कथा न विचारता वाचल्या जातात, म्हणून २०२० च्या फेब्रुवारीत तो अख्खा विभाग काही दिवस बंद ठेवला गेला. तिथल्या प्रत्येक कथेचा हक्क तिच्या लेखकाकडे असतो. एससीपीचं तसं नाही. १७३ चं मराठी भाषांतर करून ते वाचून दाखवायला, त्यावर जाहिराती घ्यायलाही कुणाची परवानगी लागत नाही. वर्णनात लेखकाचं नाव आणि मूळ पानाचा दुवा द्यायचा, आणि आपलं भाषांतरही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. थंबनेलवर मात्र तो जुना चेहरा लावायचा नाही.