सशांनी कातरलेलं मैदान

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं छोटं गाव आहे. गावाला लागून, समुद्र आणि शेतं यांच्या मधे, वाळूचा एक लांबट पट्टा पसरला आहे. नांगर धरावा तर या जमिनीत कस नाही. पाऊस पडला की पाणी बघता बघता खाली झिरपतं. अशा किनारी जमिनीला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. याच पट्ट्यावरचा ‘ओल्ड कोर्स’ हे जगातलं सर्वांत जुनं गोल्फ मैदान मानलं जातं आणि आजही ते सार्वजनिक आहे.

हे मैदान मुळात कुणी आखलेलं नाही. हिमयुगात बर्फाच्या जाड थराखाली इथली जमीन दबली होती. बर्फ वितळला, भार उतरला आणि जमीन हळूहळू वर येऊ लागली. साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा बराच आत होता. जमीन उचलली जात असताना तो मागे सरला आणि वाळूचे पट्टे मागे राहिले. वाऱ्याने त्या वाळूच्या टेकड्या केल्या आणि गवताने त्या धरून ठेवल्या. आज नकाशात काढूनही दाखवता येणार नाहीत असे जे बारीक उंचवटे खेळाडूंना छळतात, ते तिथूनच आले आहेत.

अशा निकस वाळूत फेस्क्यू जातीचं बारीक, चिवट गवत तग धरतं. त्याची मुळं खोल जातात आणि त्याला खत-पाणी फारसं लागत नाही. उलट खत आणि पाणी सढळ हाताने दिलं, तर दुसरी हावरी गवतं येऊन त्याला हुसकावून लावतात. या गवताला हवी असते ती कातरणी आणि ते काम शतकानुशतकं ससे आणि मेंढ्या करत होते. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने लिंक्सवर ससे पाळायला परवानगी मिळाली आणि त्याच सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्कही मान्य झाला. ससा आणि खेळाडू एकाच कागदावर आले ते असे. पुढे मात्र त्यांचं बिनसलं. कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने १७९७ मध्ये ही जमीन विकली, ती सशांचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती गेली आणि बिळांनी मैदान पोखरलं. कोर्टकचेऱ्या आणि मारामाऱ्या वीसेक वर्षं चालल्या. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतली आणि मैदान वाचलं.

मैदानाचा आकारही वापरातूनच घडला. सुरुवातीला काटेरी, पिवळ्या फुलांच्या गॉर्स झुडपांमधून जेमतेम एक वाट होती. खेळत टोकापर्यंत जायचं आणि त्याच खळग्यांत चेंडू टाकत परत यायचं. एका फेरीत असे २२ होल, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतचे टप्पे, होत. १७६४ मध्ये पहिल्या चार छोट्या होलचे दोन केले. जाताना दोन आणि येताना दोन कमी झाले, म्हणून १८ उरले. पुढे जगभर हाच आकडा रूढ झाला.

गर्दी वाढवली ती चेंडूने. आधीचा चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली उकडलेली पिसं. कुशल कारागिराच्याही हातून दिवसाकाठी मोजकेच चेंडू तयार होत, त्यामुळे ते महाग होते. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडांच्या चिकापासून, म्हणजे गुट्टा-पर्चापासून, चेंडू बनू लागले आणि खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. पूर्वेकडून सेंट अँड्र्यूजला आलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवती हा चीक भरला होता आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मला ती फार आवडते.

जाणारे आणि येणारे समोरासमोर येऊ लागले, तेव्हा एकाच ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवताच्या हिरवळीवर, दोन खळगे खणले गेले. आज तिथे असे सात प्रचंड जोडग्रीन आहेत. दुसरा होल सोळाव्याबरोबर, तिसरा पंधराव्याबरोबर अशी वाटणी आहे आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८ येते. १८६०च्या दशकात देखभालीसाठी आलेल्या टॉम मॉरिस यांनी झुडपं हटवून वाट रुंद केली, अठराव्या होलसाठी नवा ग्रीन बांधला आणि ग्रीनवर वाळू पसरण्याची पद्धत रुजवली. वाळूमुळे पृष्ठभाग सपाट होतो, कुजक्या गवताचा स्पंजासारखा थर साचत नाही आणि निचरा सुधारतो. जगभरचे ग्रीन आजही याच पद्धतीने राखले जातात.

मग यंत्रं आली आणि माझ्या मते मैदानातला सर्वांत मोठा बदल तिथे झाला. सशाने कुरतडलेलं गवत खरबरीत असतं. त्यावर चेंडू अडखळतो आणि उतारावरही थांबतो. तेच गवत काही मिलिमीटरवर कापलं की घर्षण घटतं आणि कालपर्यंत खेळण्याजोगा असलेला उतार आज चेंडू थेट खाली सोडून देतो. जमीन हललेली नसते, फक्त गवताची उंची बदललेली असते. म्हणूनच २०१२ च्या अखेरीस अकराव्या ग्रीनचा मागचा एक कोपरा खोदून उतार सौम्य करण्याचं ठरलं, तेव्हा मोठा वाद झाला. शेकडो वर्षांची जमीन आजच्या कापणीसाठी का बदलायची, हा विरोधकांचा प्रश्न मला रास्त वाटतो. गवत थोडं वाढू दिलं असतं, तरी काम झालं असतं.

त्या बदलानंतरही अडचण सुटली नाही. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २०१५ मध्ये इथे झालेल्या ‘ओपन’ या मोठ्या गोल्फ स्पर्धेत शनिवारी वारा सुटला आणि ईडन नदीच्या मुखाशी असलेल्या त्याच उघड्या अकराव्या ग्रीनवर थांबलेले चेंडू आपोआप सरकू लागले. खेळ दहा तासांहून अधिक काळ बंद ठेवावा लागला.

१९७४ पासून संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला ट्रस्ट हे मैदान सांभाळतो. रविवारी सहसा खेळ बंद असतो, गवताला विसावा मिळतो आणि गावकरी कुत्री घेऊन तिथे फिरतात. ट्रस्टपुढचं आताचं मोठं काम मात्र मैदानाबाहेर, वेस्ट सँड्स किनाऱ्यावर आहे. वादळी लाटा तिथल्या वाळूच्या टेकड्या खातात, म्हणून खचलेल्या भागांत वाळू आणून भरतात आणि त्यावर मारम गवत लावतात. वाळूखाली गाडलं गेलं की हे गवत मरत नाही. ते नवे कोंब वर काढतं आणि येणारी आणखी वाळू त्या कोंबांत अडकत जाते.