सर्वनामाची जागा आणि ब्राझिलियन कवितेचा ठेका

15 फेब्रुवारी 1922. साओ पावलोच्या म्युनिसिपल थिएटरात 'आधुनिक कला सप्ताहा'ची दुसरी रात्र. रोनाल्द द कार्व्हाल्यो 'बेडूक' ही कविता वाचत होते आणि प्रेक्षक हुर्यो उडवत होते. ती लिहिणारे मानुएल बांदेइरा तिथे नव्हते. कवितेतले बेडूक आपल्या घोटीव यमकांची फुशारकी मारतात. टोला होता पार्नासियन, म्हणजे रेखीव छंदाला सर्वस्व मानणाऱ्या कवींना. त्यांच्यातल्या ओलावो बिलाक यांनी कवीला सोनाराच्या पंगतीत बसवलं होतं. अक्षरं मोजायची, ओळ घासायची, आणि व्याकरण लिस्बनचं पाळायचं.

हे भांडण छंदाचं म्हणून सांगतात. मला मात्र त्याचं मूळ व्याकरणात दिसतं. पोर्तुगीज नियमाप्रमाणे वाक्य निराघात, म्हणजे जोर न पडणाऱ्या सर्वनामाने सुरू करता येत नाही. 'मला' हे क्रियापदामागून यायचं: 'दे-मे', म्हणजे 'दे मला'. ब्राझीलच्या रस्त्यावर म्हणतात 'मे दा', म्हणजे 'मला दे'. पहिल्यात जोर सुरुवातीला, दुसऱ्यात शेवटी. सर्वनाम हललं की ठेकाच उलटतो. कवी ओस्वाल्द द आन्द्राद यांनी 1925 च्या 'पाउ-ब्राझील' संग्रहात सिगारेट मागायच्या या दोन तऱ्हा समोरासमोर ठेवल्या. एवढ्याशा कवितेत केवढं धाडस!

1928 मध्ये कार्लोस ड्रमंड द आन्द्राद यांची वाटेतल्या दगडाची कविता छापून आली. त्यांनी 'होता'साठी पुस्तकी क्रियापद टाळून घरात बोलतात ते वापरलं आणि तीच ओळ फिरवून फिरवून म्हटली. वर्षानुवर्षं टवाळी झाली. त्यांनी ती सगळी जमवली आणि 1967 मध्ये तिचं पुस्तकच काढलं.

बांदेइरा ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचे. आपल्या गावावरच्या कवितेत ते 'लोकांची चुकीची भाषा' म्हणतात आणि लगेच पुढच्या ओळीत 'लोकांची बरोबर भाषा'. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. 1936 च्या संग्रहातल्या आगगाडीच्या कवितेत 'काफे कों पांव', म्हणजे कॉफी आणि पाव, एवढंच पुन्हा पुन्हा येतं आणि चाकं फिरू लागतात.

त्यांचे नातलग, कवी झुआंव काब्राल द मेलो नेतो यांना कवितेतल्या गोडव्याचा तिटकारा. तरीही 1955 च्या 'मोर्ती इ व्हिदा सेव्हेरिना' या नाट्यकाव्यात, दुष्काळी भागातून समुद्राकडे निघालेल्या माणसाच्या कहाणीत, त्यांनी लोकगीतांची सात अक्षरी ओळ घेतली. पोर्तुगीजमध्ये अक्षरं शेवटच्या आघातापर्यंतच मोजतात, त्यामुळे ही ओळ बोलण्याच्या अगदी जवळ राहते. 1965 मध्ये साओ पावलोच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणलं, संगीतकार शिकू बुआर्कच्या चालींवर.