न्यूमोनियात जंतू कळायच्या आधीच अँटिबायोटिक का? मागची गोष्ट

बाळ न्यूमोनियाने ॲडमिट झालं की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, बॅक्टेरियल आहे का व्हायरल? डॉक्टर म्हणतात बघू, रिपोर्ट येऊ देत, पण इंजेक्शन सुरू केलंय. मग आईबापांना वाटतं की यांना काही कळलेलंच नाही आणि औषध मात्र लावलं. खरं सांगायचं तर बऱ्याचदा कळलेलं नसतंच, पण त्यात त्या डॉक्टरची चूक नसते, ही अडचण जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे.

न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा मुख्य बॅक्टेरिया १८८१ मध्ये दोघांना स्वतंत्रपणे सापडला. फ्रान्समध्ये पाश्चरला रेबीजने गेलेल्या एका मुलाच्या लाळेत, आणि अमेरिकेत स्टर्नबर्गला चक्क स्वतःच्या लाळेत! स्टर्नबर्ग तर धडधाकट होता. म्हणजे हा जंतू निरोगी माणसाच्या घशातही राहतो हे पहिल्या दिवसापासून समोर होतं, आणि म्हणूनच घशाचा स्वॅब पॉझिटिव्ह आला तरी तोच जंतू फुप्फुसात आहे असं म्हणता येत नाही. १८८४ मध्ये बर्लिनला ग्राम नावाच्या डॉक्टरने न्यूमोनियाने गेलेल्यांच्या फुप्फुसातले जंतू दिसावेत म्हणून रंग देण्याची पद्धत काढली, आज रिपोर्टवर ग्राम पॉझिटिव्ह लिहून येतं ते तिथून आलंय.

मोठी माणसं बेडका काढून देतात, लहान मुलं तो गिळून टाकतात. ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, जंतू थोड्याच मुलांत सापडतो. एक्स-रेवर पांढरा डाग दिसतो पण तो कुणामुळे आला ते एक्स-रे सांगत नाही. राहिला एकच रस्ता, बरगड्यांमधून सुई घालून थेट फुप्फुसातून नमुना घ्यायचा, आणि त्यात फुप्फुसाबाहेर हवा साठायचा धोका.

तरी पापुआ न्यू गिनीतल्या गोरोकाच्या हॉस्पिटलमध्ये फ्रँक शॅन आणि सहकाऱ्यांनी हेच केलं, १९८४ मध्ये ते छापून आलं. ॲडमिट झालेल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या फुप्फुसात बॅक्टेरिया निघाले, मुख्यतः न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा. त्याच टीमने बघितलं की लॅब नसेल तिथे मिनिटाला श्वास किती आणि छाती आत ओढली जाते का यावरून निर्णय घेता येतो का. हेच पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घेतलं: दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद. जंतू माहीत नाही, पण वाट बघितली तर लेकरू जाईल, म्हणून औषध द्या. मला हा हिशेब आजही पटतो.

आपल्याकडे याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातले आरोग्यसेवक आणि सुईणींना श्वास मोजायला शिकवलं आणि को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक हातात दिलं. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या बायकांसाठी मण्यांचं साधन केलं, मिनिटाची वाळूची घडी आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. १९९० मध्ये आकडे आले: पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१, बाजूच्या गावांत १७.५. हॉस्पिटल दूर असलं म्हणून मूल मरायलाच हवं असं नाही हे या आकड्यांनी दाखवलं, आणि याचा मराठी माणसाला अभिमान वाटायलाच पाहिजे.

पण न बघता अँटिबायोटिक द्यायची किंमतही मोजावी लागते. १९७७ ला दक्षिण आफ्रिकेत डर्बनमध्ये आणि लगेच जोहान्सबर्गमध्ये हॉस्पिटलातल्या मुलांत पेनिसिलिनला न जुमानणारा न्यूमोकॉकस सापडला, जोहान्सबर्गचा तर एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हता. मग आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत ॲडमिट झालेल्या मुलांचा पर्च नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये निकाल आला की एचआयव्ही नसलेल्या मुलांत ६१ टक्के व्हायरस, बॅक्टेरिया २७ टक्के. गोरोकाच्या एकदम उलटं वाटतं ना, पण मधल्या काळात हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झाचा बी प्रकार) आणि न्यूमोकॉकसच्या लसी आल्या होत्या.

भारतात हिबची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीमधून २०११ च्या शेवटी केरळ आणि तामिळनाडूत सुरू झाली. न्यूमोकॉकसची लस, पीसीव्ही, २०१७ मध्ये काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर मोफत, त्याआधी खासगीत एका डोसला हजारो रुपये पडायचे आणि कितीतरी घरं ती सोडूनच द्यायची. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट या लस कंपनीने २०२० च्या डिसेंबरमध्ये स्वतःची स्वस्त पीसीव्ही बाजारात आणली, ती १० प्रकारांवर चालते, न्यूमोकॉकसचे प्रकार शंभराच्या वर आहेत. आणि छातीत पू करणारा स्टॅफिलोकॉकस हा बॅक्टेरिया या दोन्ही लसींत येतच नाही. नळी टाकून तो पू काढतात तेव्हा जंतू सापडायची बऱ्यापैकी संधी असते, पण तोवर इंजेक्शनं चालू होऊन दोन-तीन दिवस झालेले असतात आणि कल्चर बऱ्याचदा कोरं येतं.