कोकम तूप: कडक का असतं आणि कसं लावायचं

डबी उघडली की बरेच जण आधी हेच विचारतात, "एवढं घट्ट कसं? खराब झालंय का?" खराब झालेलं नाही. शुद्ध कोकम तूप असंच दगडासारखं असतं. त्यातल्या मेदाम्लांपैकी, म्हणजे चरबीच्या घटकांपैकी, निम्म्याहून जास्त स्टिअरिक आणि उरलेलं बहुतेक ओलिक असतं. स्टिअरिकमुळे ते साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअसला वितळतं. हातापायांची कातडी त्याहून थंड असते, त्यामुळे ते नुसतं टेकवून पाघळत नाही, चोळावं लागतं. लोण्यासारखं मऊ हवं म्हणून आम्ही त्यात वनस्पती तूप मिसळत नाही.

हे तूप निघतं रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांतून. फळ उन्हाळ्यात पिकतं आणि पाऊस लागायच्या आत उतरवावं लागतं. सालीची आमसुलं होतात, बिया मागे उरतात. त्या वाळवून, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि वर तरंगलेली चरबी काढून घ्यायची, ही कोकणातली जुनी घरगुती रीत. तिकडे याला भिरंडेल म्हणतात. फोंडा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरला की टाचांना भिरंडेल लावणारी घरं आजही भेटतात. आपल्याकडे मात्र सोलकढी सगळ्यांना ठाऊक आणि त्याच फळाचं तूप फारसं कुणाला माहीत नाही, याचं आम्हाला फार वाटतं.

आता मुख्य गोष्ट. कोकम तूप त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. कातडीवर त्याचा पातळ थर बसतो आणि आतला ओलावा टिकतो. म्हणून कोरड्या, धूळभरल्या टाचेवर कितीही चोळलं तरी निम्मा फायदा वायाच. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, टॉवेलनं टिपा, पण अगदी कोरडे करू नका. मग तूरडाळीच्या दोन-तीन दाण्यांएवढं तूप नखानं खरवडून तळहातांत चोळा, मऊ झालं की भेगांत दाबून लावा आणि सुती मोजे घाला. दिवाळीनंतर जळवात, म्हणजे तळपायांना भेगा पडणं, सुरू होतो त्या दिवसांत, आणि उसाच्या फडात दिवसभर पाय मातीत असणाऱ्यांनी तर रोजच, हे करावं. फुटलेले ओठ, कोपरं, धुणीभांडी करून खरखरीत झालेले हात यांनाही चालतं.

फारच कडक वाटलं तर घरीच मलम करा. २० ग्रॅम कोकम तूप आणि ४० ग्रॅम तिळाचं तेल वाटीत घ्या. ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तूप वितळू द्या. थेट गॅसवर ठेवू नका.

याच्याकडून काय अपेक्षा ठेवू नये, तेही सांगायला हवं. रंग उजळत नाही. ऊन अडत नाही. आमसुलाचा लाल रंग आणि आंबटपणा सालीत असतो, तुपात उतरत नाही. तेव्हा 'कोकमाचं व्हिटॅमिन सी चेहऱ्याला' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चेहरा तेलकट असेल, मुरुमं येत असतील, तर आधी हनुवटीखाली थोड्या जागी लावून आठवडाभर बघा. नव्यानं वापरणाऱ्या प्रत्येकानं कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं. भेगेतून रक्त येत असेल, बोटांच्या बेचक्यात खाज आणि पांढरेपणा असेल, किंवा मधुमेह असेल, तर तूप लावत बसू नका. डॉक्टरांना पाय दाखवा. मधुमेहात लहान भेगेचीही जखम चिघळू शकते. अशा ग्राहकाला डबी विकण्यापेक्षा आधी दवाखान्यात पाठवणं आम्हाला बरं वाटतं.

डबीत ओली बोटं घालू नका, पाण्यानं तूप लवकर बिघडतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते गाडीत किंवा खिडकीत राहून वितळलं आणि सावकाश थिजलं, तर रवाळ होतं. गुण कमी होत नाही, फक्त लावताना कण लागतात. पुन्हा गरम पाण्यावर पूर्ण वितळवा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा, रवा जाईल. वास खवट आला तर मात्र ते वापरू नका, डबी दुकानात घेऊन या.