नॉर्थ कॅरोलायनातल्या चिबड जमिनीत हेम्प: परवान्याआधी जमिनीचा कागद

नॉर्थ कॅरोलायनाने आपला हेम्प कार्यक्रम 2021 अखेर बंद केला. 1 जानेवारी 2022 पासून तिथे हेम्प लावायचं तर परवाना थेट अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याकडून, म्हणजे यूएसडीएकडून घ्यावा लागतो. हेम्प म्हणजे आपली अंबाडी नव्हे आणि तागही नव्हे. अंबाडीला इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणतात, तिथून हा घोळ सुरू होतो. हे झाड भांगेचंच, फक्त त्यात वाळलेल्या वजनाच्या 0.3 टक्क्यापर्यंतच टीएचसी (भांगेतलं नशा आणणारं द्रव्य) चालतं.

परवान्याच्या अर्जात जमीन ओली की कोरडी, हे कुणी विचारत नाही. गोम इथेच आहे. लोक परवाना काढतात, पाणी हटवायला चर खणतात आणि मग कळतं की चर हाच नियमभंग ठरला. म्हणून राज्याच्या पूर्व भागात पाणथळ तुकडा हाती असेल, तर परवान्यासाठी लागणारे बोटांचे ठसे नंतर, जमिनीचा कागद आधी.

त्यासाठी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) एफएसए कचेरीत, म्हणजे यूएसडीएच्या शेती सेवा कचेरीत, एडी-1026 हा फॉर्म भरायचा. नवीन चर, भराव, सपाटीकरण, झाडं बुंध्यासकट काढणं, यातलं काही करणार असाल तर तिथे 'हो' लिहा. मग एनआरसीएस हे यूएसडीएचंच जमिनीचं खातं माती, वनस्पती आणि पाण्याची पातळी पाहून प्रत्येक तुकड्याला शिक्का देतं. नकाशावर 'पीसी' आलं तर ती जमीन 23 डिसेंबर 1985 पूर्वीच शेतीखाली आणलेली. तिथे या खात्याची आडकाठी नाही. 'एनडब्ल्यू' म्हणजे पाणथळ नव्हेच. नुसतं 'डब्ल्यू' आलं तर ती खरी पाणथळ. त्यातही नैसर्गिकरीत्या पाणी ओसरून वाफसा आला की पेरता येतं, पण पाणी आपण काढायचं नाही. 28 नोव्हेंबर 1990 नंतर पीक घेण्यासाठी अशी जमीन कोरडी केली, तर यूएसडीएचे लाभ (पीकविम्याच्या हप्त्यातली सवलत, कर्ज, नुकसानभरपाई) तुमच्या सगळ्या शेतांवर बंद होतात, त्या एका तुकड्यापुरते नाही. 'मला कुठलेच लाभ नकोत' म्हणूनही सुटका नाही. भराव टाकायला आर्मी कोअरची (लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाची) स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम 404 खालची परवानगी लागू शकते. शेतीची सूट आहे, पण ती आधीपासून चालू असलेल्या शेतीला. नव्याने दलदल मोडणाऱ्याला नाही. गादीवाफे करायचे असतील तरी हे आधी विचारून घ्या, कारण वाफा म्हणजे हलवलेली मातीच.

हेम्पला साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही. उगवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दोन-तीन दिवस पाणी उभं राहिलं, तरी रोपं पिवळी पडून खुरटतात आणि पिथियम बुरशीने मुळं कुजतात. एकरातला सखल कोपरा सोडून द्यावा आणि अर्जाच्या नकाशातूनही वगळावा, हे आमचं मत.

आता परवाना. अर्ज यूएसडीएच्या 'हेम्प' या ऑनलाइन प्रणालीवर होतो आणि परवान्याला शुल्क नाही. नाव, पत्ता, फोन, ईमेल, कंपनी असेल तर तिचा ईआयएन (करासाठीचा क्रमांक) आणि प्रत्येक मुख्य सहभागीचा एफबीआयचा 'आयडेंटिटी हिस्ट्री समरी' अहवाल (बोटांच्या ठशांवरून काढलेली गुन्ह्यांची नोंद) लागतो. मालक, भागीदार आणि कंपनीचे सीईओ, सीओओ, सीएफओ हे मुख्य सहभागी; शेतावरचा मुकादम नाही. अहवालाचे एफबीआय माणशी 18 डॉलर घेते. तो अर्जाच्या तारखेआधीच्या 60 दिवसांतला हवा. अर्ज अडकतात ते इथेच: एका भागीदाराचा अहवाल जुना झालेला असतो, किंवा राज्य पोलिसांचा दाखला जोडलेला असतो. मागच्या 10 वर्षांत अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती अपात्र ठरते. परवाना मिळाल्यापासून तिसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत चालतो.

लागवड झाली की एफएसएकडे क्षेत्र नोंदवा. तिथे प्रत्येक वाणाच्या सलग तुकड्याला लॉट क्रमांक मिळतो. पावसाने अर्धा लॉट बुडाला तर नोंद लगेच दुरुस्त करा. नाहीतर नमुना घ्यायला आलेल्या माणसाला कागदावरचं क्षेत्र आणि शेतातलं पीक जुळत नाही.

कापणीआधीच्या 30 दिवसांत मान्यताप्राप्त नमुनेदार झाडाच्या शेंड्याकडून पाच ते आठ इंच फुलोरा कापून नेतो. नमुना तुम्ही स्वतः घ्यायचा नाही. खर्च मात्र तुमचा. चिबड शेताची खरी परीक्षा त्यानंतर होते. सप्टेंबरात वादळी पाऊस पडला, ट्रॅक्टर चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतला आणि ते 30 दिवस उलटले, तर नमुना पुन्हा, खर्चही पुन्हा. म्हणून नमुनेदाराला कापणीच्या तारखेवरून नाही, वाफशावरून बोलवावं.

प्रयोगशाळा एकूण टीएचसी मोजते: टीएचसीए (तापवल्यावर टीएचसी होणारं आम्ल) गुणिले 0.877, अधिक डेल्टा-9 (प्रत्यक्ष टीएचसी). मोजमापातली अनिश्चितता धरूनही ते 0.3 च्या वर गेलं, तर फुलोरा काढून टाकणं, किंवा सगळं झाड बारीक करून पुन्हा तपासणं, नाहीतर पीक नांगरून गाडणं वा जाळणं अशा रीतीने नष्ट करणं, एवढेच पर्याय उरतात. एक टक्क्याच्या वर गेलं तर निष्काळजीपणाची नोंद होऊ शकते. पाच वर्षांत अशा तीन नोंदी झाल्या की पुढची पाच वर्षं परवाना नाही. पीक नष्ट केल्याचा अहवालही द्यावा लागतो, आणि हे सगळे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात.