राउटरच्या खोक्यावरचे आकडे कुठून आले?

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातली जुनी घरे अरुंद आणि लांबच लांब असतात. रस्त्यालगत सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. केबलवाल्याचा माणूस फायबर घेऊन येतो तेव्हा सोप्याच्या चौकटीशेजारी भोक पाडून तो तार आत घेतो, आणि राउटर तिथेच, विजेच्या मीटरखालच्या फळीवर, कायमचा मुक्काम ठोकतो. सोप्यात नेट धावते, स्वयंपाकघरात रखडते, आणि परसूच्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसली की घरात वाद सुरू होतो: जास्तीचा प्लॅन घ्यावा, की मोठ्या आकड्याचा राउटर आणावा? या वादात दोन्ही बाजू ज्या आकड्यांचा आधार घेतात, ते कोणत्या परिस्थितीत छापले जाऊ लागले, हे पाहिले तर खरेदीतली बरीच चूक टळते.

सुरुवात अमेरिकेत १९८५ साली झाली. तिथल्या दूरसंचार नियामक आयोगाने उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठी राखून ठेवलेले काही लहरींचे पट्टे विनापरवाना संदेशवहनाला खुले केले. त्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता, म्हणजे ज्यात मायक्रोवेव्ह ओव्हन चालतात तोच. अट अशी की प्रक्षेपण कमी शक्तीचे असावे आणि इतरांचा अडथळा निमूटपणे सोसावा. ही अट आजही लागू आहे. शेजाऱ्याच्या राउटरबद्दल तक्रार करण्याची सोय तेव्हापासूनच नाही. या मोकळ्या पट्ट्याचा पहिला व्यापारी उपयोग दुकानातील गल्ले बिनतारी जोडण्यासाठी करावा, असे एनसीआर या कंपनीला वाटले आणि नेदरलँड्समधल्या तिच्या अभियंत्यांनी त्यातून 'वेव्हलॅन' हे उत्पादन घडवले. त्याच गटातील व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८०२.११ हे प्रमाण, म्हणजे सगळ्या उत्पादकांनी पाळायचा बिनतारी जोडणीचा सामाईक नियम, तयार केले. १९९७ साली ते मंजूर झाले तेव्हा त्याचा कमाल वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, ११ मेगाबिटची 'बी' ही त्या प्रमाणाची पुढची आवृत्ती आली आणि उत्पादकांच्या संघटनेने 'वाय-फाय' हे नाव जाहिरातीसाठी घडवून घेतले. ते कशाचेही लघुरूप नाही. 'हाय-फाय'शी यमक जुळवलेला तो निव्वळ शब्द आहे.

राउटरवर आकडा ठळकपणे मिरवण्याची रीत घरगुती बाजारात रुळली ती यानंतर. २००३ सालच्या 'जी' प्रमाणाचा वेग ५४ मेगाबिट होता, आणि लिंकसिसच्या त्या काळातील निळ्या-काळ्या राउटरच्या नावातच ५४ हा आकडा होता. हा आकडा हवेतील कच्च्या वेगाचा आहे. सर्व उपकरणे एकाच हवेत आळीपाळीने बोलतात, प्रत्येक संदेशाची पोच परत द्यावी लागते, आणि गर्दीत थांबावेही लागते. त्यामुळे हाती येतो तो साधारण निम्मा वेग, कधी त्याहूनही कमी. खोक्यावर ही गोष्ट तेव्हाही ठळकपणे लिहिली जात नसे, आजही नाही.

आपल्याकडे या आकड्याकडे कोणी फारसे पाहिले नाही, त्याला कारण होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, तेही आधी मोठ्या महानगरांत. बेळगावकरांची पिढी आधी सायबर कॅफेत आणि मग टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर वाढली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग ठरवला तो २५६ किलोबिट. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड सेवा सुरू केली, आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. तारेतून २५६ किलोबिट येत आहेत आणि राउटर ५४ मेगाबिटचा आहे, म्हणजे हवेतील वाट तारेच्या दोनशे पट रुंद! अशा वेळी राउटर कोणता, तो कुठे ठेवला, भिंत किती जाड, याने काहीही बिघडत नव्हते. 'कंपनीने दिलेला डबा पुरे' ही समजूत त्या दिवसांतली आहे, आणि त्या दिवसांपुरती ती खरीही होती.

पुढे तार रुंद होत गेली आणि अडचण घरात शिरली. २००९ च्या 'एन' प्रमाणाने अनेक अँटेना एकाच वेळी वापरून भिंतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरींनाच कामाला लावले; राउटरला दोन-तीन-चार काड्या फुटल्या त्या यामुळे. २०१३ च्या 'एसी' प्रमाणाने वेग आणखी वाढवला, मात्र केवळ ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. भारतात त्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला, आणि दीड वर्षात टाळेबंदी येऊन शाळा, कचेऱ्या सगळे घरच्या वाय-फायवर आले. त्या काळात घाईने विकत घेतलेले राउटर अजून अनेक घरांत आहेत आणि त्यांतील पुष्कळ 'एसी १२००' जातीचे आहेत. हा १२०० कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. २.४ गिगाहर्ट्झवर जुन्या 'एन' चे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, यांची बेरीज ११६७. ती वर ओढून १२००. एक फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो, तेव्हा ही बेरीज कोणाच्याच वाट्याला येत नाही. त्यातून यांतील स्वस्त राउटरच्या मागच्या बाजूचे तारेचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. २०० मेगाबिटचा प्लॅन घेऊन वेग ९४ च्या वर का जात नाही, म्हणून केबलवाल्याशी भांडणाऱ्यांनी आधी ते पोर्ट पाहावे.

आता भिंतीकडे येऊ. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्म्याहून कमी. उंच वारंवारतेची लहर जाड भिंतीत लवकर खचते. दीड-दोन फुटी माती-दगडाच्या भिंतीत हा फरक चांगलाच जाणवतो, आणि खानापूर, जांबोटीकडे जांभ्याच्या घरांत पावसाळ्यात त्यात भर पडते, कारण जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो, आणि ओल या लहरी शोषून घेते. मे महिन्यात आतल्या खोलीत चालणारे नेट जुलैत का कुरकुरते, याचे एक कारण हे आहे. मग २.४ वरच राहावे का? तिथे गल्लीतली गर्दी आडवी येते. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातले उपमार्ग, व्यवहारात तीनच: १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या पंधरा-वीस घरांना ते वाटून घ्यावे लागतात.

म्हणून २०१९ पासून प्रमाणित होऊ लागलेल्या वाय-फाय ६ चे महत्त्व आपल्या भागात वेगळे आहे. (आकड्यांची ही सोपी नावे २०१८ मध्ये आली; 'एन' म्हणजे ४, 'एसी' म्हणजे ५, 'एएक्स' म्हणजे ६.) वाय-फाय ५ ने वाऱ्यावर सोडलेला २.४ चा पट्टा या प्रमाणाने पुन्हा हाती घेतला, आणि एकाच चॅनेलचे तुकडे करून अनेक उपकरणांशी एकाच वेळी बोलण्याची सोय केली. मात्र इथेही खोके पारखूनच घ्यावे लागते. 'एएक्स १५००' असे लिहिलेल्या राउटरमध्ये २.४ ची बाजू बहुधा जुन्या 'एन' चीच असते, ३०० मेगाबिटची. 'एएक्स १८००' मध्ये ती ५७४ ची, म्हणजे खरोखर नवी. जाड भिंतींच्या घरात हा पावणेतीनशेचा फरक पुढच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा, असे माझे मत आहे. जानेवारी २०२४ पासून वाय-फाय ७ चे प्रमाणनही सुरू झाले, पण त्याचा सर्वांत रुंद मार्ग ६ गिगाहर्ट्झमध्ये आहे आणि ती लहर भिंतीपुढे ५ पेक्षाही नाजूक. बंगल्यात किंवा नव्या फ्लॅटच्या एकाच हॉलमध्ये ते शोभेल.

भिंतीवर उपाय म्हणून २०१६ च्या सुमारास मेश राउटर घरगुती बाजारात आले. दोन-तीन डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात, पण मधली भिंत तीच असल्याने त्यांच्यातला दुवाही तिथेच अडखळतो. आमच्या खानापूर तालुक्यातील घरी असा जोड आणून पाहिला. माजघरातला डबा रेंज पूर्ण दाखवी आणि वेग मात्र सोप्यातल्याच्या पाव हिस्सा. शेवटी केबलवाल्याच्या पोराकडून कॅट-५ई तार घेतली, जी शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते, आणि माळ्यावरच्या तुळईला धरून ती माजघरात उतरवली. राउटर आता देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर आहे, स्वयंपाकघर आणि परसूच्या मधोमध, आणि आईची एकच अट आहे की त्याचे निळे दिवे सांजवातीच्या वेळी झाकलेले असावेत.